पाठकोरं नाही

माँटेव्हिडिओच्या बंदरापासून चार गल्ल्या आत
एचेवेर्रींच्या लिलावघरात
मी एकोणतीस वर्षं चित्रं उचलून धरतोय.
पांढरे हातमोजे, छातीशी चौकट,
चित्राचं तोंड खुर्च्यांकडे.
माझ्याकडे कायम पाठ.

त्यामुळे एर्सिलिया बेतांकोरबद्दल मला विचाराल
तर मी पाठीमागूनच सांगणार.

आज लॉट सत्तेचाळीस.
कॅटलॉगात लिहिलंय: शीर्षक नाही, १९५८, तैलरंग.
शीर्षक आहे.
आडव्या पट्टीवर, पेन्सिलीनं, डावीकडे कलतं:
'मंगळवारी पाणी आलं नाही.'
ऑफिसात दोनदा सांगून पाहिलं.
म्हणाले, शीर्षक नसलेलं बरं खपतं.

सेर्रोच्या कारखान्यात ती
मांसाच्या डब्यांना लेबलं चिकटवायची.
पहिली चित्रं तिथल्याच पुठ्ठ्यांवर,
उलटं केलं की अजून वाचता येतं:
गोमांस, निव्वळ वजन तीनशे चाळीस ग्रॅम.
त्यातलं एक मागच्या वर्षी एवढ्याला गेलं
की तेवढ्यात तो कारखानाच आला असता.
बंदच आहे म्हणा तो,
भिंतींवर गवत उगवलंय.

जाणकारांनी तिचे कालखंड पाडलेत:
मातकट, मग राखाडी,
मग जवळजवळ पांढरा.
मागच्या बाजूचे कालखंड निराळे.
आधी एकच पत्ता, ठसठशीत.
मग खोडलेला पत्ता आणि खाली दुसरा.
मग नुसतं 'मार्फत':
मार्फत बहीण,
मार्फत कोपऱ्यावरची बेकरी.
लष्कराच्या बारा वर्षांत मार्फत कुणीच नाही,
तारीख, आणि खिळ्याचं भोक.
पांढऱ्या चित्रांना तर कॅनव्हासही नाही,
चादरी आहेत. कडेची शिवण तशीच,
कोपऱ्यात इस्पितळाचा निळा शिक्का.
पाठकोरं असं तिनं काही ठेवलंच नाही.

सत्तेचाळीस मी तिसऱ्यांदा धरतोय.

पहिल्यांदा ते चौकटीच्या किमतीत गेलं.
खरंच चौकटीच्या. घेणाऱ्या बाईंना आरसा बसवायचा होता,
त्यांनी मला विचारलं, हे मधलं काढून द्याल का?
शेवटच्या रांगेत एक म्हातारी
दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती,
चुकून बोली लागू नये म्हणून.
मधलं काढलं ते मी तिला दिलं.
तिनं गुंडाळलं, काखेत मारलं,
आणि बसचे सुटे आहेत का म्हणून विचारलं.

दुसऱ्यांदा आलं ते दाताच्या डॉक्टरांच्या विधवेकडून.
मागे डॉक्टरांचं अक्षर:
'दोन दाढा. हिशेब मिटला.'

आणि आज.
सहा टेलिफोन, त्यातला एक झुरिकचा.
आकडा चढतो तसे माझे दंड भरून येतात,
वजन तर तेवढंच आहे.
समोरचे दिवे प्रखर आहेत,
आणि एके ठिकाणी तिनं रंग
सुरीनं पार सुतापर्यंत खरवडलाय;
तिथून उजेड गाळून येतो
माझ्या शर्टावर, तळहाताएवढा.
पुढून हे दिसत नाही. पुढून ती जागा
बाकीच्यापेक्षा काळी दिसते म्हणतात.

एक वार.
दोन वार.
एचेवेर्री थांबतात, त्यांना थांबायला आवडतं.
झुरिक गप्प आहे.
कुणीतरी खोकतं, सगळे तिकडे बघतात.
तीन वार.

टाळ्या चित्राला असतात की आकड्याला,
मला कधी कळलेलं नाही.
तिला देऊन बघायला हवं होतं,
ती कदाचित विचारती, बस किती वाजताची.

आता तळघरात नेऊन
मागे पांढरा फळा ठोकायचा.
नव्या मालकांची अट आहे: धूळ नको, दमट हवा नको.
पेन्सिल, पत्ते, दाढा, सगळं आत.
आठ स्क्रू. मीच लावणार.

सातवा जरा सैल ठेवीन.